डबा कुणाचा, डोहाळे कुणाला

"झाकण लाव आधी!" मॅडमनी स्वयंपाकघराच्या दारातूनच नाक दाबून सांगितलं.

"अगं, नुसती अंडी आहेत."

"अंडी आहेत म्हणूनच म्हणतेय."

नवऱ्यानं निमूटपणे झाकण लावलं. ओट्यावर तीन डबे तयार होते. एकात उकडलेली अंडी आणि परतलेला पालक, दुसऱ्यात शिजवलेले हरभरे आणि बिटाच्या चकत्या, तिसऱ्यात संत्र्याच्या फोडी, खजूर आणि बदाम. शिवाय बाटलीत तापवून गार केलेलं दूध. एवढी तयारी करून नवरा असा उभा होता, जसा एखाद्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून पहिल्यांदा बटण दाबताना उभा राहायचा. तो लिफ्ट-मेकॅनिक होता. आणि मॅडम ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवत. तिथे सगळे त्यांना मॅडम म्हणत, तेव्हा आपणही मॅडमच म्हणू.

मॅडमना दिवस गेले होते आणि ही गोष्ट जगात तीनच माणसांना ठाऊक होती: त्या, मेकॅनिक आणि डॉक्टरीणबाई. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सगळं नीट सांगितलं होतं. फॉलिक ॲसिडची गोळी रोज. पालेभाज्या, कडधान्यं, दूध, फळं. अंडी खायची तर पूर्ण उकडलेली. कच्चं काही नको, चहा-कॉफी बेतानं. "आणि मळमळ फार होत असेल, तर जे पोटात टिकेल ते थोडं थोडं खा. घाबरू नका. पण काहीच टिकेना झालं, तर लगेच माझ्याकडे या," असंही त्या शेवटी म्हणाल्या होत्या. पण मेकॅनिकचं लक्ष तोवर पालकापाशीच अडकलं होतं. बाईंचं पुढचं वाक्य त्याच्या कानापर्यंत चढलंच नाही.

त्याच्या उत्साहाला दुसरंही कारण होतं. मागच्या वेळी दोघांनी बातमी पहिल्याच आठवड्यात सगळीकडे सांगून टाकली होती. शेजारी, नातेवाईक, कामावरची माणसं, अगदी कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा. आणि मग थोड्याच दिवसांत त्याच माणसांना एकेकाला गाठून दुसरी बातमी सांगावी लागली. पहिली सांगायला एक संध्याकाळ पुरली होती. दुसरी कितीतरी दिवस संपत नव्हती. इस्त्रीवाल्याला तर सांगायचंच राहिलं, आणि त्यानं एकदा हसत हसत "काय, पेढे कधी?" विचारलं, तेव्हा मॅडम इस्त्रीचे कपडे तिथेच टाकून घरी आल्या होत्या.

म्हणून यंदा मॅडमनी बजावलं होतं, "तीन महिने कुणाशी अवाक्षर नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून आत्ताच सांगतेय."

"नाही बोलणार," मेकॅनिक म्हणाला होता. आणि बोलायची बंदी झाल्यावर त्या माणसाचं सगळं प्रेम डब्यांत उतरायला लागलं होतं.

अडचण एकच होती. मॅडमच्या पोटात काही टिकत नव्हतं. गोळी तेवढी त्या इमानेइतबारे घ्यायच्या, कारण ती लहान होती आणि तिला वास नव्हता. बाकी अंड्याचं नाव काढलं तरी पोटात ढवळायचं. पालक दिसला की डोळे मिटावेसे वाटायचे. पण पहाटे उठून डोळे चोळत बीट चिरणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं? त्या डबे पिशवीत घालायच्या आणि निघायच्या.

सकाळचा पहिला शिकाऊ म्हणजे पैलवान. त्याचं स्वतःचं जिम होतं. दंड असे की स्टिअरिंग त्याच्या हातात बशीएवढं दिसायचं. पण हा माणूस गाडीला ससा लांडग्याला भितो तसा भ्यायचा. भीतीमुळे क्लच एकदम सोडायचा. मग गाडी तीन गचके खायची, चौथ्याला बंद पडायची, आणि पैलवान हात जोडून म्हणायचा, "सॉरी मॅडम, चुकून झालं." हे 'चुकून' प्रत्येक सिग्नलला व्हायचं.

एका सकाळी गाडी अशीच बंद पडलेली असताना मॅडमचा फोन वाजला.

"खाल्लंस का?" मेकॅनिकनं विचारलं. मागे लिफ्टच्या दाराची खडखड ऐकू येत होती.

"खातेय," म्हणत मॅडमनी डबा उघडला. अंड्याचा वास आला. मॅडमनी डबा मिटला, काच खाली केली आणि मान बाहेर काढली.

"मॅडम," पैलवानाच्या आवाजात एकाएकी जान आली होती, "अंडी आहेत का?"

तो जिममधून थेट यायचा. सकाळपासून पोटात काही नसायचं. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. अन्न टाकणं त्यांच्या जिवावर यायचं, आणि भरलेला डबा घरी नेणं तर शक्यच नव्हतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "सगळं घ्या. फक्त गाडी बाजूला लावून खा आणि काच उघडी ठेवा."

पैलवानानं पाच मिनिटांत डबा धुतल्यासारखा लख्ख केला. संध्याकाळी मेकॅनिकनं विचारलं, "संपला डबा?"

"संपला," मॅडम म्हणाल्या. खोटं काय होतं त्यात?

"वा!" मेकॅनिकचा चेहरा उजळला. "मग उद्या एक अंडं वाढवतो."

असं ते दुष्टचक्र सुरू झालं. डबे रिकामे येत, म्हणून मेकॅनिक जास्त भरी. जास्त भरले, म्हणून पैलवान जास्त खाई. आधी एक डबा, मग तिन्ही, मग दुधाची बाटलीसुद्धा. मॅडम दिवसभर कोरडा टोस्ट कुरतडत आणि पाणी पीत. कधी तोही उलटून पडे. इकडे पैलवानाच्या गालांवर मात्र लाली चढली.

"मॅडम, खरं सांगतो," एकदा चौकाच्या अलीकडे पैलवान म्हणाला, "इतकी वर्षं मी लोकांना काय खायचं ते शिकवतोय, पण असा हिशेबी डबा पाहिला नाही. लोह म्हणू नका, प्रोटीन म्हणू नका, कॅल्शियम म्हणू नका. करतं कोण हे?"

"माझा नवरा."

"आहारतज्ज्ञ आहेत का ते?"

पैलवानानं हा प्रश्न विचारताना मॅडमकडे वळून पाहिलं आणि समोरून बस वळली.

"अहो! अहो!" मॅडम ओरडल्या आणि त्यांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. गाडी बसच्या अलीकडे थांबली. इंजिनाच्या आवाजात पैलवानाला त्यातलं "हो! हो!" एवढंच ऐकू आलं.

"वाटलंच मला," तो समाधानानं म्हणाला.

मॅडम तेव्हा डोकं खाली घालून मोठे श्वास घेत होत्या. खुलासा राहूनच गेला.

आठवडाभरात पैलवानाच्या जिममध्ये सगळे पालक, हरभरे, बीट आणि खजूर खायला लागले. ड्रायव्हिंग स्कूलचे मालकही त्यात होते. पोट कमी करायला म्हणून ते त्या जिममध्ये जायचे. मुळात गाडीत खाल्लेलं त्यांना चालत नसे. सीटवर एक चुरा दिसला तर ते दिवसभर त्याच्याबद्दल बोलत. आता तेच टेबलाच्या खणातून बीट काढून खायला लागले.

"काय मॅडम," ते लाल जिभेनं म्हणाले, "मिस्टर एवढे मोठे आहारतज्ज्ञ आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"छे हो, काहीतरीच! ते लिफ्टचं काम करतात."

"लिफ्ट!" मालकांनी कपाळावर हात मारला. "वेटलिफ्टिंग! तरीच म्हटलं, एवढं ज्ञान आलं कुठून!"

मॅडम आणखी काही सांगणार होत्या, पण मालकांच्या तोंडाला बिटाचा वास येत होता. त्या घाईनं बेसिनकडे गेल्या. परत आल्या तेव्हा मालक फोनवर पैलवानाला ही नवी माहिती देत होते.

रविवारी सकाळी मेकॅनिक पिशवी घेऊन निघाला. "कुणाचा तरी फोन होता," तो म्हणाला. "जिम आहे म्हणे तिसऱ्या मजल्यावर. 'सगळे वाट बघताहेत, लवकर या' म्हणाला. लिफ्ट अडकली असणार. रविवारीच बरी अडकते."

मॅडमना शिणल्यासारखं वाटत होतं, त्या पडून होत्या. कुठलं जिम, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. थोड्या वेळानं मालकांचा फोन आला.

"मॅडम, निघालात ना? पुढची खुर्ची धरून ठेवलीय तुमच्यासाठी."

"कसली खुर्ची?"

"अहो, मिस्टरांचं भाषण नाही का आज!"

मॅडमनी पायांत चपला सरकवल्या आणि घराला कुलूप लावलं की नाही याचा विचार न करता रिक्षा गाठली.

इकडे मेकॅनिक त्या इमारतीत पोचला तेव्हा लिफ्ट छान चालू होती. त्यानं दोनदा वर-खाली करून पाहिलं. कुठे आवाज नाही, गचका नाही. तो बुचकळ्यात पडून जिममध्ये शिरला, तर समोर चटयांवर दाटीवाटीनं माणसं बसलेली. एकेकाचे खांदे दारात मावणार नाहीत असे. त्याला पाहताच टाळ्यांचा कडकडाट झाला. मेकॅनिकनं मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

पैलवानानं त्याच्या हातातली पाने-स्क्रूड्रायव्हरची पिशवी अदबीनं काढून घेतली, वजनानं चकित झाला, आणि म्हणाला, "हेच आपल्या मॅडमचे मिस्टर. मॅडमना रोज जो डबा देतात, त्याबद्दल आज ते स्वतः सांगणार आहेत."

मेकॅनिक गडबडला. पण डबा हा शब्द ऐकला आणि त्याच्या आत काहीतरी सैल झालं. कितीतरी दिवस तो एकटाच या विषयात बुडाला होता. पालक किती वेळ परतायचा, लोह अंगी लागायला त्याच्याबरोबर संत्रं का खायचं, हे सगळं त्याच्या पोटात साठलं होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं. बायको तर पालकाचं नाव काढलं की उठून जायची. इथे एवढी माणसं कान देऊन बसलेली! मूळ गोष्ट सांगायची नाही हे त्यानं मनाशी पक्कं केलं. नुसत्या खाण्याबद्दल बोलायला काय हरकत आहे?

तो बोलायला लागला आणि असा बोलला की थांबेचना. हरभरे आदल्या दिवशी भिजवण्यापासून ते खजुरातली बी काढण्यापर्यंत. दोघं-तिघं मान डोलावत होते.

मॅडम धापा टाकत दारात पोचल्या, तेव्हा प्रश्न सुरू झाले होते.

"साहेब, हे किती दिवस करायचं?" एकानं विचारलं.

"नऊ महिने," मेकॅनिक म्हणाला. "त्यानंतरही चांगलं खायलाच हवं. पण मुख्य म्हणजे नऊ."

"सुरुवातीला काही त्रास?"

"होतो थोडा. सकाळी उठल्या उठल्या मळमळतं. वास सहन होत नाहीत. पहिले तीन महिने जड जातात."

"बघ!" एक धिप्पाड माणूस शेजारच्याला म्हणाला. "मला परवा मळमळलं, तर तू म्हणालास भजी बाधली."

मालक पहिल्या रांगेतून उठले. "मला एवढंच सांगा, पोटाचं काय?"

"पोटाचं?" मेकॅनिकनं क्षणभर विचार केला. "घाई करू नका. पाचव्या-सहाव्या महिन्यात छान दिसायला लागेल."

मालकांनी खाली पाहिलं. "माझं तर आत्ताच दिसतंय."

"व्यायाम कुठला करायचा?" हा प्रश्न खुद्द पैलवानाचा होता.

"चालायचं. रोज थोडं. जड मात्र उचलायचं नाही."

जिममध्ये अशी शांतता झाली की कोपऱ्यातल्या पंख्याची घरघर ऐकू आली. पैलवानानं एकदा मेकॅनिककडे पाहिलं, एकदा भिंतीला लावून ठेवलेल्या लोखंडाच्या राशीकडे.

"जड... उचलायचं नाही?"

"अजिबात नाही! पाण्याची बादलीसुद्धा मी उचलू देत नाही."

मॅडम दारातून हातवारे करत होत्या, पण मेकॅनिक रंगात आला होता. त्याला त्या दिसल्याच नाहीत.

"आणि सगळं नीट केलं," मागून कुणीतरी विचारलं, "तर शेवटी फरक किती पडतो? किलोत सांगा."

मेकॅनिकचा चेहरा एकदम मऊ झाला. "तीन," तो हळूच म्हणाला. "तीन किलो भरलं तरी पुष्कळ. कमी-जास्त चालेल हो. फक्त निरोगी असू दे."

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. तेवढ्यात खिडकीजवळ बसलेला, गळ्यात टॉवेल घातलेला एक माणूस सावकाश उभा राहिला.

"नऊ महिने, सकाळची मळमळ, पाचव्या महिन्यात पोट आणि शेवटी तीन किलो," तो बोटं मोजत म्हणाला. "अहो, हे मी दोनदा पाहिलंय. माझ्या घरी. दुसऱ्या वेळी जुळी होती."

मेकॅनिकनं जीभ चावली. पण उशीर झाला होता. माणसांच्या चेहऱ्यांवर एकामागून एक उजेड पडत गेला, जिन्यातले दिवे लागत जावेत तसा. शेवटी तो पैलवानाच्या चेहऱ्यावर पडला. मेकॅनिकला आता दारात उभी असलेली बायकोही दिसली.

"मी काही सांगितलं नाही हं!" तो तिथूनच ओरडला. "मी फक्त पालकाबद्दल बोललो!"

पण पैलवान वेगळ्याच हिशेबात गुंतला होता. "म्हणजे मॅडम... म्हणजे तो डबा मॅडमसाठी..." त्याचा आवाज चिरकला. "साहेब, तो डबा तर मी खातो."

"कुठला डबा?"

"सगळे. रोज. दूधसुद्धा मीच पितो."

मेकॅनिक जवळच्या बाकावर बसला. तो बाक झोपून वजन उचलायचा होता. त्याच्या डोक्यावर लोखंडी दांडा टांगल्यासारखा दिसत होता. पहाटे चिरलेली सगळी बिटं त्याच्या डोळ्यांसमोरून गेली असावीत. पण तो रागावला नाही. मॅडम शेजारी येऊन बसल्या, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "मग तू काय खातेस?"

"टोस्ट. तोही कधी राहतो, कधी नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पहाटे उठून एवढं करतोस. डबा रिकामा बघून तुझा चेहरा कसा होतो, ते तुला दिसत नाही. मला दिसतो." मॅडम पदराशी चाळा करत म्हणाल्या. "आणि मला भीती वाटत होती. खाल्लं नाही असं मोठ्यानं म्हटलं, की मागच्यासारखंच काहीतरी होईल अशी."

मेकॅनिकनं त्यांचा हात धरला. जिममधली सगळी माणसं एकदम कामाला लागली. कुणी बुटाची नाडी बांधायला घेतली, कुणी आरशात दंड पाहायला लागला. मालक खिडकीतून बाहेर बघत उगाच खाकरले.

पैलवानाला मात्र राहवेना. "मी बाळाच्या तोंडचा घास खाल्ला," म्हणत तो डोळे पुसायला लागला आणि मग एकदम सगळ्यांवर ओरडला, "अरे बघता काय? काहीतरी खायला आणा!"

धावपळ उडाली. केळी आली, सफरचंद आलं, कुणी प्रोटीन पावडरचा डबाच पुढे केला. "पावडर नको, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको," मेकॅनिकनं तेवढ्यातही सांगितलं. मॅडम प्रत्येक गोष्टीला नको म्हणून मान हलवत होत्या. घामाचा वास, टॉवेलांचा वास, त्यात केळ्याचा. आता बाहेर पळावं असं त्यांच्या मनात आलं, तोच पैलवानानं घाईत उघडलेल्या कपाटाकडे त्यांची नजर गेली. आत एक वाडगा होता.

"ते काय आहे?"

पैलवान कपाटाच्या दारासमोर आडवा आला. "काही नाही, मॅडम."

"बटाटे आहेत का? उकडलेले?"

पैलवानाची मान खाली गेली. गेली कित्येक वर्षं तो या माणसांना बटाट्याकडे बघूही देत नव्हता. बटाटा खाल्ला म्हणून त्यानं एकाला जिमभर फेऱ्या मारायला लावल्या होत्या. "गार आहेत," तो पुटपुटला. "नुसतं मीठ लावलंय. मी आपला अधूनमधून..."

मॅडमनी हात पुढे केला. गार बटाट्याला कसलाच वास नव्हता. त्यांनी एक लहानसा घास घेतला आणि चावला. जिममध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. घास गिळला गेला. सगळे थांबले. घास खालीच राहिला. मॅडमनी दुसरा घेतला.

"अगं, पण बटाट्यात लोह..." मेकॅनिकनं सुरुवात केली.

"श्शऽऽ!" सगळं जिम एका सुरात म्हणालं.

मॅडमनी एक बटाटा संपवला. मग दुसरा. तिसऱ्याला हात घातला तेव्हा टॉवेलवाल्यानं हळूच टाळी वाजवली आणि शेजाऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी आधी मॅडमना झापलं. "वजन उतरलंय तुमचं. काहीच टिकत नाही तर लगेच या, असं मी सांगितलं होतं ना?" मग मेकॅनिककडे वळल्या. "आणि तुम्ही? ऐकायला होता ना बरोबर?" मग बाईंनी मळमळीवर एक गोळी लिहून दिली आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर एक ठिपका दाखवला. ठिपका तुरुतुरु लुकलुकत होता. मेकॅनिक, ज्याला एरवी बोलल्याशिवाय चैन पडत नसे, खुर्चीचा हात घट्ट धरून नुसता बघत राहिला.

"बटाटा चालेल?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"चालेल की! सध्या जे राहील ते. मळमळ ओसरली की बाकीचं सावकाश वाढवा."

जिमच्या माणसांनी गुपित पाळायचं ठरवलं होतं आणि ते त्यांनी सगळ्या ताकदीनिशी पाळलं. मॅडमची गाडी रस्त्यावर दिसली की दोघं-तिघं रस्त्याच्या मधोमध उभे राहून बाकीची वाहनं अडवत. कुणी कारण विचारलं, तर दंड फुगवून "काही नाही!" असं दरडावून सांगत. त्यामुळे काहीतरी आहे, हे ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळलं.

मालकांनी मॅडमना बोलावून घेतलं. मॅडम तयारीनंच गेल्या. "मला गाडीवरून काढून टेबलावर बसवणार असाल, तर आधीच सांगते..."

"बसा हो," मालक म्हणाले. "गाडी तुमचीच आहे. फक्त पैलवान उद्यापासून माझ्याकडे. तुम्ही त्या शांत मावशींना घ्या, हळू चालवतात त्या. पैलवानाला मी बघतो. असे पुष्कळ शिकवलेत मी."

तो मंगळवार होता. शुक्रवारी दुपारी मॅडम ऑफिसच्या पायरीवर बसून खात होत्या. बटाटा होताच, पण आज त्यांनी मेकॅनिकचे हरभरेही उघडले होते आणि निम्मे संपवलेही होते. तेवढ्यात पैलवानाची गाडी आली. तीन गचके खाऊन फाटकात बंद पडली. दार उघडलं आणि मालक बाहेर आले. त्यांचा चेहरा पिकल्या केळ्याच्या सालीसारखा झाला होता. गाडीला धरून, मग भिंतीला धरून ते पायरीपर्यंत पोचले आणि मॅडमच्या शेजारी धपकन बसले.

"मॅडम," डोळे मिटून ते म्हणाले, "तो डबा जरा पलीकडे करा. वास सहन होत नाही."

मॅडमनी डबा पलीकडे सरकवला.

"तीन दिवस झाले," मालक म्हणाले, "पोटात काही राहत नाही. सकाळी त्याच्या गाडीत बसलो, की दिवसभर नुसतं ढवळतं. तुम्ही एवढे दिवस कशा बसलात हो ह्याच्याबरोबर?"

मॅडम काही बोलणार होत्या, पण घास तोंडातच राहिला. बुधवारपासून पैलवान त्यांच्या गाडीत नव्हता. आणि बुधवारपासून त्यांना एकदाही बेसिनकडे धावावं लागलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या गोळीचा गुण म्हणावा, तर ती पुडी त्यांनी अजून फोडलीच नव्हती.

संध्याकाळी त्यांनी हे मेकॅनिकला सांगितलं. तो बीट चिरत होता. त्यानं सुरी खाली ठेवली.

"म्हणजे निम्मी मळमळ पैलवानाची होती?"

"निम्म्याहून जास्तच. बाळाच्या नावावर उगाच खपत होती."

मेकॅनिक ओट्याला टेकला. मग त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं असं समाधान पसरलं.

"म्हणजे माझ्या पालकात काही खोट नव्हती!"

मॅडमनी ताट पुढे ओढलं. त्यांना सपाटून भूक लागली होती.

"हरभरे वाढ," त्या म्हणाल्या. "आणि बीटही वाढ. पालकाचं मी काही म्हटलेलं नाही."